ताब्याचे चार आकडे

१

मगनचा टेंपो धुळ्याहून आला तेव्हा एकोपा महिला बचत गटाच्या बाया आरतीची ताटं घेऊन रस्त्यावर उभ्या होत्या. केळीचे वेफर्स कापायचं आणि तळायचं मशीन येणार होतं. मगनने मागचा फाळका पाडला. आत एक ताडपत्री आणि दोरखंड, बाकी काही नाही.

"गोडाऊनले कुलूप शे," मगन म्हणाला. "शेजारना दुकानदार म्हने, तो मानूस कालच खाली करी गया."

हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. आठ दिवसांनी जळगावला माझ्या ऑफिसात बसून रोहिणीने मला ते सांगितलं. मी अ‍ॅडव्होकेट दिपमाला चौधरी. ग्राहकांच्या तक्रारी चालवते. या धंद्यात राहून माझा माणसांवरचा विश्वास उडाला आहे, वस्तूंवरचा शाबूत आहे. बिघडलेला मिक्सर निदान बिघडलोय हे लपवत नाही.

रोहिणी सव्वीस-सत्तावीस वर्षांची, बी.कॉम., चोपड्याच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या सावरपिंप्रीत दिलेली. गटाची सचिव. चोपड्याला सेवा केंद्र चालवणाऱ्या हितेंद्रने गटाला 'बोलीघर' नावाचं अ‍ॅप दाखवलं होतं. त्यावर जुनी यंत्रं लिलावात निघतात. धुळ्याच्या एका व्यापाऱ्याचं मशीन होतं, गटाने बोली लावली आणि ती लागली. मशीनपायी गटाची सहा वर्षांची बचत जाणार होती.

"पैसे भरायचे दोन रस्ते होते, मॅडम," ती म्हणाली. "एक, थेट व्यापाऱ्याच्या खात्यात टाकायचे. तसे टाकले तर तो पाच हजार सोडणार होता. दुसरा, अ‍ॅपकडे भरायचे. अ‍ॅप ते अडकवून ठेवतं. माल आला, चालवून बघितला, की आपल्याला आलेला चार आकड्यांचा कोड व्यापाऱ्याला सांगायचा. त्याने तो टाकला की मगच त्याला पैसे सुटतात. माल आलाच नाही तर कोड द्यायचा नाही. पैसे परत मिळतात."

"आणि तू दुसरा निवडलास."

"भांडून निवडला. सगळ्या म्हणत होत्या, पाच हजार वाचतात, वर अ‍ॅपचं शुल्कही वाचतं. मी म्हटलं, असं कराल तर मी सही करणार नाही."

मला ती पोरगी तिथेच आवडली. माझ्याकडे येणारे बहुतेक जण ओळखीपाळखीच्या भरवशावर थेट पैसे टाकून, तोंड पोळल्यावर येतात. ही ताक फुंकून पीत होती, तरी पोळली होती.

"कोड कुणाकुणाकडे आला?"

"अ‍ॅपला दोन नंबर लागतात, बँकेच्या खात्यासारखे. एक माझा, एक अध्यक्षांचा. प्रमिलाअक्कांचा. पण अक्कांना वाचता येत नाही, घरात त्या एकट्याच असतात, मुलगा सुरतेला आहे. त्यांचे मेसेज मीच वाचून दाखवते. हा मुद्दाम नाही दाखवला. म्हटलं, कोड जितक्या कमी जणांना माहीत तितकं बरं."

"मग?"

"मशीन आखाजीनंतर तिसऱ्या दिवशी यायचं होतं. पण आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्याच दुपारी व्यापाऱ्याने कोड टाकला. पैसे सुटले. गाडी रिकामी आली तेव्हा ते कळलं. अ‍ॅपवाले म्हणतात, कोड बरोबर आहे, पहिल्या झटक्यात बरोबर आहे, म्हणजे तुम्हीच दिलात. आमची जबाबदारी संपली." ती टेबलाच्या कडेवर नख घासत होती. "आणि आखाजीला मी गावात नव्हते. माहेरी होते, दोंडाईच्याला. फोन माझ्याजवळ होता. गटातल्या बाया म्हणतात, धुळे जिल्ह्यात गेली, व्यापाऱ्याला भेटली, वाटा घेतला."

"तुझ्या घरचे काय म्हणतात?"

"सासूबाई गटातच आहेत. मिस्टर म्हणाले, निकाल लागेपर्यंत माहेरी रहा. रविवारी बैठक आहे. माझ्या नावाने पोलिसांत तक्रार द्यायची ठरलंय." तिने वर पाहिलं. "मला पैसे मिळवून देऊ नका, मॅडम. मी चोर नाही, एवढं त्यांच्यासमोर सिद्ध करून द्या."

२

शनिवारी सकाळी मी चोपड्याला हितेंद्रच्या सेवा केंद्रात गेले. बाहेर दाखल्यांसाठी रांग होती आणि आत एसी. मी वकील आहे म्हटल्यावर त्याने लगेच उसाचा रस मागवला. माणूस घाबरला की पाहुणचार वाढतो.

"मॅडम, मी फक्त अ‍ॅप दाखवलं," तो म्हणाला. "समाजसेवा म्हणून."

"व्यापाऱ्याने तुम्हाला किती दिले?"

तो रसाच्या ग्लासातला बर्फ हलवत राहिला. "गिऱ्हाईक आणलं म्हणून थोडे देतो म्हणाला होता. दोन हजार दिले. तो तसा नियमच आहे. पण थेट पैसे टाका असं मी का सांगितलं? तर बायकांचे पाच हजार वाचावेत म्हणून."

"आणि थेट टाकले असते तर तुमचे दोनाचे चार झाले असते."

त्याने रिमोट उचलून एसी वाढवला. आखाजीच्या दुपारी कुठे होतात, असं विचारलं तर मात्र तो जरा सैल झाला. आखाजीला खान्देशातले पुरुष जे करतात तेच तो करत होता. सकाळपासून मळ्यात पत्ते. अर्ध्या गावाने त्याला हरताना पाहिलं होतं. कोड त्याला माहीत नव्हता, असं तो म्हणाला आणि मला ते पटलं. लोभी माणूस होता, पण कोड त्याच्याकडे पोचायला रस्ताच नव्हता.

मी उठताना तो म्हणाला, "मॅडम, रोहिणीताईचं एक विचारू? तिने तुम्हाला सगळं सांगितलंय ना?"

"म्हणजे?"

"नाही, सहज. तिच्या सासूला भेटा."

३

रोहिणीच्या सासूचं नाव झुंबरबाई. अंगणात बाजेवर बसून त्या वाळवणाला राखण करत होत्या. मी कोण ते कळल्यावर त्यांनी मला पाणी दिलं, पण बस म्हणाल्या नाहीत. मी आपली बसले.

"वहू शिकेल शे, हाई खरं," त्या म्हणाल्या. "पन शिकेल मानूसच जास्ती वाकडं चालस."

"पैसे तिने घेतले असं तुम्हाला वाटतं?"

"माले वाटानं काय शे? आखाजीले पोरी माहेरे जातीस, तो गुन्हा नही. पन आखाजीना आदला दिन ती दोंडाईचाहून धुयाले गयथी. एकटी. मना पोऱ्याले, सुकलालले, तिना भाऊनी चुकीसन सांगी दिधं. तिनी तुमले सांगं का?"

तिने मला सांगितलं नव्हतं. आदल्या दिवशी ती एकटी धुळ्याला गेली होती आणि माझ्या ऑफिसात बसून गेलीच नाही असा चेहरा ठेवून बोलली होती. मला राग आला. अशील खोटं बोलतं याचा नाही, ते तर रोजचंच. माझा तिच्यावर विश्वास बसला होता याचा आला.

तरी मी काम सोडून उठले नाही. मशीन कुठे बसवणार होते ते दाखवा म्हटलं. झुंबरबाईंनी मागच्या शेडकडे नेलं. गटाने नवा सिमेंटचा ओटा बांधला होता, मशीनचे पाय ठेवायला. त्या ओट्यावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक होतं, फुटक्या नारळाची करवंटी होती आणि सुकून तपकिरी झालेला झेंडूचा हार होता.

"हे मशीन यायच्या दिवशी केलं?"

"नही. त्या दिवशी ताटं तशीच्या तशी परत लयनूत आम्ही. हाई आखाजीनं शे. अक्कानी करं. हयद-कुकू लावं, नारय फोडा, बठ्ठा गल्लीमा गूय वाटा. वहू नव्हती, मी तिना वाटाना गूय डब्बामा ठी दिधा." त्यांचा चेहरा जरासा हलला. "आजून तठेच शे तो."

गूळ वाटला म्हणे, गल्लीभर. मी ते तेव्हा ऐकलं आणि पुढे गेले. डोक्यात धुळंच होतं.

गाडीत बसून रोहिणीला फोन लावला. "धुळ्याला का गेली होतीस?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मशीन आहे का बघायला. फोटोवर भरवसा नव्हता माझा. गोडाऊनला गेले, मशीन होतं, त्यावरचा नंबर फोटोतल्या नंबराशी जुळवून बघितला. तसाच होता. मला बरं वाटलं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही केस घेतली असती का?"

बहुतेक नसती घेतली. फोन ठेवला तेव्हा माझ्याजवळ एवढंच उरलं होतं की एक तर ही पोरगी खूप जपून वागणारी आहे, नाही तर खूप जपून चोरी करणारी.

४

प्रमिलाअक्का घरी मिळाल्या नाहीत. चौकात टरबुजाच्या गाडीपाशी आहेत असं कळलं. साठीच्या, ताठ, नऊवारी, कपाळावर गोंदण. आजूबाजूच्या बाया त्यांच्याशी बोलताना पदर सारखा करत होत्या. गट त्यांनी उभा केला होता. दारूबंदीच्या वेळी मोर्चा त्यांनीच काढला होता, असं एकीने मला न विचारता सांगितलं.

टरबूजवाल्याचा काटा बॅटरीवरचा होता, लाल आकड्यांचा. त्याने टरबूज ठेवलं आणि म्हणाला, "अक्का, तीन किलो."

"काटा मनाकडे फिरव."

त्याने फिरवला.

"दोन किलो आठशे ऐंशी शे. तीन कोठे व्हयना?" पैसे मोजून देऊन त्या माझ्याकडे वळल्या. "बोला, वकीलबाई. रोहिणीनी धाडं ना तुमले?"

मी म्हटलं, हो, पण मी तिच्या बाजूने आले नाही, खरं काय ते बघायला आले आहे. त्या हसल्या. चांगलं हसल्या, वाईट नाही.

"खरं काय शे, ते रविवारले बठ्ठास्ना समोर व्हई. मी तिना वाईटवर नही. पोरगी हुशार. मी अंगठाबहाद्दर, माले काय समजस मोबाइलनं. मेसेज उना तं तिलेच दखाडस मी."

"तो कोडचा मेसेज?"

"तो तं तिनी माले सांगाच नही." त्या टरबुजावरून हात फिरवत होत्या. "माले काय माहीत, कसाना कोड."

पोलिसांत तक्रार देण्याची घाई का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, गटातल्या बायांची झोप उडाली आहे, कुणीतरी जबाब दिलाच पाहिजे. मग एकदम आवाज उतरवून म्हणाल्या, "पोलीस तरी तिले काय करतीन? पोर शे. दोन दिन चौकशी करतीन, सोडी देतीन."

आपल्याला लुबाडणाऱ्या पोरीबद्दल इतकी माया मी पहिल्यांदाच पाहत होते. गाडीपर्यंत चालत जाईतो मला ते डोक्यात नीटसं बसेना.

५

मगन टेंपोच्या सावलीत झोपला होता. उठवल्याबद्दल तो नाराज झाला. मी दोन टरबुजं विकत घेऊन एक त्याला दिलं, मग कमी नाराज झाला.

"व्यापाऱ्याचा तुला आधी कधी फोन आला होता?"

"आलता ना. आखाजीच्या चार-पाच दिवस आधी. पत्ता समजवायला." चोपड्याच्या फेऱ्या मारून त्याला बाहेरच्यांशी शहरी बोलायची सवय झाली होती. "गोड बोलला. म्हणे, आखाजीलाच भाडं मारशील का? मी म्हटलं, आखाजीला मी गाडी हलवत नाही. गाडीची पूजा असते. अख्ख्या गावाला माहीत आहे."

"अक्कांनाही?"

"त्या माझ्या शेजारीणच."

"आणखी काय बोलला?"

मगनने टरबुजाची बी थुंकली. "असंच. म्हणे, ती सही करणारी ताई फार कडक दिसते, किरकिर करते. मी म्हटलं, ती आखाजीला माहेरी जाणार, तेव्हा काही काम असेल तर अक्कांशी बोला, अक्काच सगळं बघतात." तो थांबला. त्याच्या हातातली फोड तशीच राहिली. "मॅडम, मी काही चुकीचं बोललो का?"

चुकीचं काही नव्हतं. आपल्याकडे माणसं रस्ता दाखवतात, चोराला दाखवतात की पाहुण्याला हे बघत नाहीत.

पण मला आता गल्लीभर वाटलेला तो गूळ आठवला. मी परत गाडीत बसले आणि बराच वेळ काच खाली करून तशीच बसून राहिले. उन्हाने स्टिअरिंग हाताला लागत नव्हतं. मला कळलं होतं, आणि कळल्याचा आनंद होत नव्हता.

६

बैठक शाळेच्या वर्गात होती. सुट्ट्या लागलेल्या, म्हणून गटाला खोली मिळत असे. थोराड बाया पोरांच्या ठेंगण्या बाकांवर अंग चोरून बसल्या होत्या. अक्का खुर्चीवर. रोहिणी दोंडाईच्याहून सकाळच्या गाडीने आली होती आणि सगळ्यात मागच्या बाकावर एकटी होती. तिच्या शेजारी कुणी बसलं नाही.

"तक्रार लिहायची ना?" मी म्हटलं. "मी लिहून देते. आधी थोडं ऐका."

कुणी नको म्हणालं नाही. वकील फुकटात काही देते म्हटल्यावर लोक ऐकतात.

"रोहिणी व्यापाऱ्याला मिळालेली असती, तर तिने काय केलं असतं? काहीच नाही. तुम्ही सगळ्या थेट पैसे टाकायला तयार होतात. तिने फक्त मान डोलवली असती, तर पैसे त्याच दिवशी त्याच्या खात्यात गेले असते. ना कोड, ना अडकवणं. चोरी करायची असलेला माणूस तुमच्याशी भांडून तिजोरीला कुलूप लावायला सांगत नाही."

गुंताबाई म्हणून एक जण पुढे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मंग कोड दिधा कोनी?"

"कोड दोनच फोनवर आला. एक रोहिणीचा. दुसरा अक्कांचा."

वर्गात हसू पसरलं. "अक्कास्ले वाचता नही येत," दोघी-तिघी एकदम म्हणाल्या.

"अक्षर येत नाही," मी म्हटलं. "आकडा येतो. बाजार करणाऱ्या बाईला आकडा आलाच पाहिजे, नाही तर टरबूजवालासुद्धा फसवील. अक्कांनी काल माझ्यासमोर काटा फिरवून दोन किलो आठशे ऐंशी वाचले. आणि त्या मेसेजमध्ये वाचायचं काय होतं? चार आकडे."

आता कुणी हसलं नाही. अक्का खिडकीबाहेर बघत होत्या.

"मशीन आखाजीनंतर तिसऱ्या दिवशी यायचं होतं. आखाजीला मगन गाडी हलवत नाही, हे अक्कांना माहीत. मग आखाजीलाच ओट्यावर हळदीकुंकू का? नारळ का? आणि गूळ? वस्तू आपली झाल्याशिवाय तुमच्यात गूळ वाटतात का?"

"नही वाटत," झुंबरबाई अगदी हळू म्हणाल्या. म्हणून झाल्यावर त्यांनी तोंडाला पदर लावला.

"त्या दिवशी कुणाच्या तरी मनात मशीन आपलं झालं होतं. ताबा घेऊन झाला होता. मशीन न येता ताबा घ्यायचा तर तो एकाच रस्त्याने घेता येतो." मी अक्कांकडे वळले. "अक्का, त्याचा फोन आला होता ना?"

मला वाटलं होतं त्या नाही म्हणतील. त्या नाही म्हणाल्या नाहीत.

"उनता," अक्का म्हणाल्या. "म्हने, अक्का, मशीन तुमनंच शे. पन आज आखाजी. आज ताबा लिधा तं अक्षय राही, बरकत ई. गाडी तिसरा दिनले ई, तिना काय, ताबा आज ली ल्या. फोनवर चार आकडा उनात, ते बोला, म्हने." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "मना मालकनी जनमभर बैल असाच लिधात. चांगला दिन देखीसन दावं हातमा धरं, बैल आपला व्हयना. मंग तो महिनाभर दुसराना गोठामा बांधेल राहो. कोनी कधी फसाडं नही आमले."

हे ऐकताना मला त्यांचा राग येईना. दावं धरलं की बैल आपला, हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालला, कारण बैल विकणारा उद्याही त्याच बाजारात भेटायचा. धुळ्याच्या त्या भामट्याला हे सगळं माहीत होतं. तो आपल्याच मातीतला होता, म्हणून तर त्याला कुठे हात घालायचा ते कळलं. इथवर अक्का निर्दोषच होत्या.

"गाडी रिकामी आली," मी म्हटलं. "तेव्हा तुम्हाला कळलं. त्याच दिवशी बोलला असतात, तर तासाभरात सायबर पोलिसांना फोन करून त्याचं खातं थांबवता आलं असतं कदाचित. तुम्ही गप्प राहिलात. आठ दिवस सगळ्या जणी या पोरीला शिव्या देत होत्या, तुम्ही ऐकत होतात. का?"

अक्का पहिल्यांदा रोहिणीकडे बघून बोलल्या. "गट मी बांधा. मनं नाव गयं तं गट मोडी जाई. हाई तरनी शे, शिकेल शे. हिनं नाव गयं तं चार दिन लोक बोलतीन, मंग भुली जातीन. मना वयले कोन भुलस?"

त्यांच्या आवाजात खोटं नव्हतं, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. त्यांनी विचार करून, तोलून, त्या पोरीला विकलं होतं.

७

आता बाया रोहिणीकडे वळतील असं मला वाटलं. इतकी वर्षं वकिली करूनही मला कधी कधी असं वाटतं.

आधी गुंताबाई उठल्या आणि अक्कांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "अक्कानी काय सोतानाकरता करं? बठ्ठास्नाकरताच करं ना." मग दुसरी म्हणाली, देवाधर्माचं करताना होतं असं. तिसरीने अक्कांना पाणी दिलं. अक्कांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तर दोघी-चौघींच्या आलं.

"तक्रार लिहायला पाहिजे," मी म्हटलं. "उशीर झालाय, पण लिहायला पाहिजे. पैसे मिळण्याची आशा फार नाही. कोड कुणी दिला, तेही त्यात लिहावं लागेल. सही दोघींची. अध्यक्ष आणि सचिव."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या.

"अक्कानं नाव आलं तं बँक पुढलं कर्ज देई का?" एकीने विचारलं.

"माहीत नाही. अडचण येऊ शकते."

गुंताबाईंनी घसा साफ केला. "मंग वकीलबाई, रोहिणीनं लिखा. कोड तिनाकडथून चुकीसन गया, असं. आम्ही तिनावर केस करत नही, आते आम्हले माहीत शे बठ्ठं. फक्त कागदवर. तिले इंग्रजी येस, पोलिसले उत्तर देई ती."

मी ते ऐकून थक्क व्हायला हवं होतं. झाले नाही. माना हलत होत्या, एकीपाठोपाठ एक, बाकाबाकावर. नको, माझंच लिहा, असं अक्का म्हणाल्या असत्या तर मी त्यांच्या पाया पडले असते. मी वाट पाहिली. त्या नखाशी खेळत राहिल्या.

रोहिणी उठली. तिने कुणाला शिवी दिली नाही की रडली नाही. ती सरळ झुंबरबाईंच्या बाकाशी आली.

"आत्याबाई," ती म्हणाली. "मी चोर नही, एवढं एकदा तुमी म्हना. मंग मी सही करस."

झुंबरबाई तिच्याकडे बघेनात. "म्हननं कसाले आते? बठ्ठास्नी ऐकं ना. चाल, घर चाल. सुकलाल येई, भाकरी टाकना शेत."

"एकदाच."

"लोकस्ना समोर तमाशा नको करू, पोरी."

रोहिणी तिथे जराशी थांबली. मग खांद्यावरची पिशवी सारखी करून बाहेर गेली. मी माझा कोरा कागद उचलला. अक्का स्वतःच्या नावावर अंगठा उठवणार नव्हत्या, रोहिणी खोट्यावर सही करणार नव्हती, म्हणजे ती तक्रार कधी लिहिली जाणार नव्हती. तो धुळ्याचा माणूस आता निवांत झोपेल, याची सोय एकोपा गटाने केली होती. दारातून बाहेर पडताना मागून कुणीतरी म्हणालं, पुढल्या बैठकीला सचिव दुसरी बघायला पाहिजे, हिचं मन आता गटात राहणार नाही.

शाळेच्या फाटकापाशी मी तिला गाडीत घेतलं. चोपड्याच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना केळीचे मळे होते, उन्हाने पानांच्या कडा जळलेल्या.

"सिद्ध करून दिलं मी," मी म्हटलं. काही तरी बोलायला हवं म्हणून बोलले. "त्यांना कळलं, तू घेतले नाहीस."

"त्यांना आधीही माहीत होतं, मॅडम," ती म्हणाली. "आत्याबाईंनी गूळ ठेवला होता ना डब्यात माझ्यासाठी. चोराला कोण गूळ ठेवतं?"

बसस्टँड आला. मी गाडी कडेला घेतली. "दोंडाईच्याची गाडी धरून देऊ?"

तिने दार उघडलं नाही.

"परवा रात्री आईने मला जवळ घेतलं," ती म्हणाली. "डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, आता इथे कुणी नाही, खरं सांग, घेतलेस का?"

मागून एसटीवाला हॉर्न देत होता. मी गाडी जळगावच्या रस्त्याला लावली.